नकाराचं प्रात्यक्षिक

बजरंग सरांच्या कपाळातून रक्त आलं तेव्हा हॉलमध्ये टाळ्या वाजत होत्या. लोकांना वाटलं, राजेश्वरीबाईंनी, म्हणजे मी, काय काम केलं! मागून कुणीतरी शिट्टीसुद्धा मारली. मग सरांनी कपाळावरचा हात खाली घेतला, तळव्याकडे पाहिलं आणि खुर्चीवर बसायला गेले ते खुर्ची चुकून खालीच बसले, तेव्हा कुठं टाळ्या थांबल्या. माझ्या हातात पाण्याची स्टीलची बाटली होती, भरलेली. तिच्या बुडाला पोचा आला होता आणि मी त्या पोच्याकडे पाहत उभी होते, कारण दुसरीकडे कुठं पाहावं ते सुचत नव्हतं. हात खांद्यापासून बधिर झाला होता. तरी त्या बधिरपणात काहीतरी बरं वाटत होतं. खोटं कशाला बोलू, अजून एकदा हाणावंसं वाटत होतं. त्याच जागी.

किशोरवयीन मुलामुलींना नातेसंबंध आणि लैंगिकता कशी शिकवायची, याचं प्रशिक्षण होतं. धाराशिवात, एका मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये. प्रत्येक शाळेतून एक बाई आणि एक सर. प्रशिक्षण म्हटलं की आमची एक पद्धत ठरलेली आहे: सही करायची, पोहे खायचे, पंख्याखालची जागा धरायची आणि दिवस उरकायचा. विषय असा म्हटल्यावर तर विचारूच नका. बायका एका अंगाला, पुरुष दुसऱ्या अंगाला, मधे चपला ठेवायला सोडावी तशी रिकामी जागा. ‘लैंगिक’ हा शब्द आला की बायका पदर सावरायच्या आणि पुरुष मोबाइल बघायचे. पुण्याहून आलेल्या सोनाली मॅडम मात्र धीराच्या. पोरगेल्या, केस कापलेल्या, पण आवाज खणखणीत. त्यांनी शेवटच्या दिवशी आम्हाला सरमिसळ बसवलं आणि म्हणाल्या, आता नुसतं ऐकायचं नाही, करून बघायचं. नकार कसा द्यायचा ते मुलांना शिकवण्याआधी आपल्याला जमतं का बघू. मग कार्डं वाटली. आमच्या कार्डावर होतं: मामा मुलीला जवळ बोलावतो. तिला आवडत नाही. मुलीने ठामपणे ‘नाही’ म्हणावे. बजरंग सर आमच्याच शाळेवरचे, पीटीचे, दिलखुलास माणूस. ते मामा. मी मुलगी. बेचाळिशीची, चष्मा लावलेली मुलगी. सगळे आधीच हसायला लागले होते. सरांनी कार्डात लिहिलं होतं तेवढं म्हटलं असतं तर कदाचित काही झालं नसतं. पण ते पडले इथलेच. त्यांनी हात पसरले आणि आमच्या भागातला कुठलाही मामा बहिणीच्या पोरीला जे म्हणतो ते म्हणाले: “ये गं माझे बायकू, बस मामाच्या मांडीवर!” हॉल कोसळला हसून. मी ‘नाही’ म्हणायला तोंड उघडलं. ते उघडंच राहिलं. कानात काहीतरी गरम उतरलं, आणि मग बाटलीचा तो आवाज आला.

“ताई, तुम्ही बऱ्या आहात ना?” सोनाली मॅडम मला विचारत होत्या, रक्त सरांचं चाललं होतं तरी. मी मान हलवली. नळदुर्गाकडचे माणिकप्पा सर, वयानं मोठे, निवृत्तीला आलेले, ते पुढं आले आणि मॅडमना समजावणीच्या सुरात म्हणाले, “मॅडम, तुमचं कार्डच चुकलंय बघा. आमच्याकडं भाचीचा पहिला मान मामाचा. मामा म्हंजी नवराच की हो. तिथं मामा कशाला घालायलाव? काका लिव्हा, काका.” आणि चारी बाजूंनी माना डोलल्या. व्हय व्हय, काका बरोबर. काका चालतंय. बायकासुद्धा म्हणाल्या. सोनाली मॅडम एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग, देवाशपथ, त्यांनी पेन काढलं आणि कार्डावरचा मामा खोडला. मला हसू आलं. मोठ्यानं आलं. रक्ताचे थेंब फरशीवर पडलेले, कापूस शोधायला माणसं पळतायत आणि मी हसतेय, हे दिसायला फार वाईट दिसलं असणार. पण मी काय करू? माझा नवरा माझा सख्खा मामा आहे. आणि त्याच दिवशी, संध्याकाळी पाचला, तामलवाडीला आमच्या घरी, माझ्या मुलीला कुंकू लागणार होतं, लग्न ठरणार होतं. तिच्या मामाशी. माझ्या धाकट्या भावाशी, कृष्णराजशी.

अर्पितानं एकदाच सांगितलं होतं. सोलापूरला होस्टेलवर असते, बीएस्सीला. फोनवर म्हणाली, “आई, कृष्णामामा चांगला आहे गं. पण मामा आहे तो माझा. तू सांग ना सगळ्यांना.” मी म्हटलं, बघू. ‘बघू’ हा शब्द मला फार चांगला येतो. त्यानंतर आठवडेच्या आठवडे मी बघत राहिले. नवऱ्यासमोर ताट ठेवताना तोंडापर्यंत यायचं आणि घासासारखं परत आत जायचं. आईला फोन लावायचे आणि पावसापाण्याचं विचारून ठेवायचे. आणि इकडं तीन दिवस वहीत काय लिहून घेत होते? ‘नकार हे पूर्ण वाक्य असतं.’ अक्षर माझं चांगलं आहे, फळ्यावर लिहायची सवय. लिहायला काय लागतं!

मामावर माझा जीव होता. हे आधी सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं सगळं सोपं वाटेल आणि ते सोपं नव्हतं. तामलवाडी माझं आजोळ. सुट्टी लागली की आई मला नळदुर्गाहून तिथं सोडायची आणि बिभीषणमामा एसटीपाशी उभा असायचा. खांद्यावर घ्यायचा. द्राक्षाच्या बागेत हिरवे मणी तोडून द्यायचा, आंबट, दात शिवशिवायचे. गावातल्या एका पोरानं माझी वेणी ओढली तर मामानं त्याला विहिरीच्या कडेला नेऊन असा तुडवला होता की त्याचं ओरडणं मला अजून ऐकू येतं. आणि मला तेव्हा किती भारी वाटलं होतं! आपल्यासाठी कुणी एवढं मारतं. कळत नव्हतं तेव्हा की हात मारायला शिकला की तो कुणासाठी आणि कुणाला हे फार दिवस वेगळं ठेवत नाही. आल्यागेल्या बायका म्हणायच्या, ही बिभीषणची. पाळण्यात होते तेव्हापासून म्हणायच्या. “काय गं, कुणाची बायकू तू?” आणि मी ‘मामाची’ म्हटलं की हशा, आणि हातावर लाडवाचा तुकडा. सगळी पोरं लाडवासाठी काहीही म्हणतात. मला तो तुकडा अजून आठवतो, डिंकाचा, कडक. पुढं कळायला लागल्यावर मी म्हणायचं सोडलं तर म्हणाले, लाजायला लागली. डीएड झाले आणि आईनं, गजराबाईनं, माझ्या हातात हिरवा चुडा भरला. तिचं माहेर तामलवाडी. भाऊ एकुलता. मुलगी भावाला दिली की माहेर उघडं राहतं, दुसरी कुणी परकी येऊन दार लावत नाही, एवढं साधं तिचं गणित. तिच्या जागी तिचं काही चुकलं नव्हतं म्हणा. पण माझं आजोळ गेलं त्या दिवशी. आजीची सासू झाली. ज्या घरात मी दुपारी उशिरापर्यंत लोळायचे त्याच घरात पहाटे उठून अंगण झाडायला लागले, आणि जो माणूस मला खांद्यावरून नीट खाली उतरवायचा त्याच्या खोलीचं दार माझ्या मागं लागलं. मी ओरडले नाही. मामा आहे, असं मनाला सांगत राहिले, आणि तेच सांगितल्यामुळं अंगाला जास्त शिसारी येत राहिली.

पहिल्यांदा मार खाल्ला तो हाकेपायी. बाहेर पाहुणे बसले होते, मी सैपाकघरातून सवयीनं हाक मारली, “मामा, चहा झालाय.” पाहुणे हसले. ते गेल्यावर ठिबकच्या पाइपचा तुकडा होता कोपऱ्यात, काळा, हातभर. पाठीवर, पोटऱ्यांवर. “नवऱ्याला मामा म्हनती? मला भाड्या करती?” सासू, म्हणजे आजी, दारात उभी राहून म्हणत होती, हळू रे, हळू. मला कळेना की मी मार खाल्ल्यावर धावत कुणाकडे जाऊ. आतापर्यंत कुणी मारलं की मी मामाकडे जायचे. त्यानंतर मी त्या माणसाला कशानंच हाक मारली नाही. भांडं आपटायचं, बांगड्या वाजवायच्या, अर्पिता झाल्यावर तिला पाठवायचं. मार थांबला असं नाही. भाजीत मीठ, पगाराला उशीर, शाळेत कुणा सरांशी बोलताना कुणी पाहिलं. हाताला काहीही लागायचं. एकदा दातच हलला, तो मी जिभेनं दाबून धरून तास घेतला. मुलांना अपूर्णांक शिकवत होते.

बजरंग सरांना दवाखान्यात मीच घेऊन गेले, रिक्षानं. दुसरं कुणी बरोबर यायला बघत होतं, सरच नको म्हणाले. कपाळावर ओला रुमाल धरून बसले होते, रुमालाखालून पाणी आणि रक्त गळ्यात उतरत होतं. मी म्हटलं, सर, पोलिसात द्यायचं असेल तर द्या. “द्या काय द्या! नाटकात लागलं म्हणून सांगितलंय म्या.” रस्त्यात उसाच्या दोन ट्रॉल्या अडकल्या होत्या, रिक्षा थांबून धूर खात होती. सर म्हणाले, “बाई, खरं सांगा. तुमी मला मारलंच न्हाय ना? दुसऱ्याच कुनाला मारलं?” मी म्हटलं, तुम्हालाच मारलं, सर. त्या वाक्यालाच मारलं. त्यांनी रुमाल काढून उलटा केला आणि परत लावला. “बहिनीची लेक हाय माझी. पाचवीत. तिला म्या रोज तसंच म्हनतो. लाडानं हो. आमच्यात काय तसलं मनात नसतं.” मी विचारलं, ती काय म्हणते मग? सर ट्रॉलीकडे बघत होते. “आधी हसायची,” म्हणाले. “आताशा आत पळून जाती.” आणि त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं, ते कपाळाच्या दुखण्याचं नव्हतं. मला त्यांची कीव यायला हवी होती. नाही आली. राग आला. एवढा मोठा पुरुष, पोरगी आत पळून जाते हे रोज बघतो आणि कपाळ फुटल्याशिवाय त्याला ते कळत नाही! मग प्रत्येकाचं कपाळ फोडत हिंडू की काय मी? सरांना टाके घालताना त्यांनी हूं की चूं केलं नाही. मी बाहेर बाकावर बसून हात धुतल्यावरही नखात राहिलेलं रक्त काडीनं काढत बसले.

तुळजापूरला गाडी बदलली. तामलवाडीपर्यंत मी खिडकीला डोकं लावून एकच काम करत होते, ‘नाही’ म्हणून बघत होते. आधी मनात. मग ओठ हलवून. मग आवाज काढून. शेजारची बाई म्हणाली, “काय म्हनलाव?” मी म्हटलं, काही नाही. ती म्हणाली, बरं, आणि पिशवी मांडीवर ओढून घेतली. कृष्णराज डोळ्यांपुढून जात नव्हता. माझ्यापेक्षा चांगला तेरा-चौदा वर्षांनी लहान. आईला बाळंतपण जड गेलं म्हणून तो माझ्याच कडेवर वाढला. त्याचा शेंबूड मी काढलाय, त्याला मुळाक्षरं मी शिकवलीत. विजेच्या ऑफिसात कायम झाला तेव्हा पहिले पेढे माझ्याकडे घेऊन आला. सुपारीचं खांड तोंडात नाही. कुणावर हात उगारल्याचं ऐकलं नाही. हा असा मुलगा, आणि त्याला मी नको म्हणायचं? लोक विचारतील, खोट काय त्याच्यात? आणि खोट काहीच नव्हती. तेच तर मला धरून ठेवत होतं. वाईट माणसाला नाही म्हणणं सोपं, असं मला वाटायचं; जणू मी वाईट माणसाला कधी म्हटलं होतं! पण अर्पिताचं ते ‘मामा आहे तो माझा’ कानात कुणी खिळा ठोकावा तसं बसलं होतं. तिला मामा हवा होता. कुणी मारलं तर जाऊन सांगायला. उद्या तो नवरा झाला की ती कुणाकडं जाणार होती? तुळजापूरच्या घाटात गाडी वळली आणि मी पदर तोंडात कोंबला.

घरी पोचले तर सगळे बसलेच होते. ओसरीवर सतरंजी, भावकीतले चारपाच जण, कृष्णराज नव्या शर्टात, इस्त्रीची घडी मोडू नये म्हणून ताठ. आई पितळी ताटात हळदकुंकू, खण, नारळ मांडत होती. अर्पिता पाटावर. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली घातली, जणू बघितलं की मला अडचण होईल. त्या नजर खाली घालण्यानं माझ्या आत काहीतरी तुटलं, कारण ती सवय तिनं माझ्याकडूनच उचलली होती. “लई उशीर केलास,” आई म्हणाली. “हात धू, आन् तूच लाव पैलं कुंकू. मानाचं हाय.” नवरा पानाचा डबा घेऊन बसला होता, त्यानं मान वर केली नाही. आईनं ताट माझ्या हातात दिलं. मी ते जमिनीवर ठेवलं. आणि म्हणाले, “नाही.”

आवाज मला वाटला होता त्यापेक्षा लहान निघाला, पण ऐकू गेला. आई म्हणाली, “काय न्हाय?” मी म्हटलं, “हे लग्न नाही. अर्पिताला नकोय. मलाही नकोय.” कुणीतरी खोकलं. आई हसायला बघत होती, “टरेनिंगला जाऊन डोस्कं फिरलं काय गं? कारन सांग की. काय कमी हाय माझ्या लेकात?” काही कमी नाही आई, मी म्हटलं, पण नाही. एवढं बोलले आणि नवरा उठला. मी त्याला उठताना पाहिलं, डबा बाजूला सारताना पाहिलं, आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं मान आपोआप खांद्यात गेली. पहिली चपराक कानावर बसली, चष्मा उडाला. दुसरी तोंडावर. ओठ दातात सापडला. “म्या शब्द दिलाय,” तो म्हणत होता, “भावकीत शब्द दिलाय म्या.” मी म्हटलं, नाही. तिसरी बसली. आणि तेव्हा, कानात चाललेल्या त्या शिट्टीतून, मला माझ्या भावाचा आवाज ऐकू आला. बसल्या जागेवरून, मऊ, समजूतदार. “मामा, हळू. लोकं हायत.”

बस, एवढंच म्हणाला तो. नको मारू म्हणाला नाही. उठला नाही. अर्पितानं मान वर केली आणि ती बापाकडे नाही, कृष्णराजकडे बघायला लागली, गणित उलगडल्यासारखी. मग पाटावरून उठली. “मी नाही बसत,” म्हणाली. स्पष्ट म्हणाली, शाळेत वाचून दाखवतात तसं. नवरा माझ्यावरून तिच्याकडे वळला, हात वर गेला, आणि तो हात मी धरला. दोन्ही हातांनी धरला तरी सुटत होता, म्हणून दातांनी धरला. मनगटाच्या वर, मांसात. तो ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला ओरडताना ऐकलं. मी सोडलं नाही. तोंडात खारट आलं, दातांना काहीतरी कडक लागलं, तरी सोडलं नाही. कुणीतरी मागून माझे केस धरले आणि मान पाठीमागं ओढली, एवढ्या जोरात की डोळ्यांपुढं छत आलं. मला वाटलं, आई. मग हाताला साबणाचा आणि नव्या शर्टाचा वास आला. कृष्णराज होता. माझ्या केसांचा पिळा त्यानं मुठीला गुंडाळला होता आणि दात आवळून म्हणत होता, “सोड, सोड म्हनतो ना, सोड गं ये.” ज्यानं कुणावर हात उगारल्याचं मी ऐकलं नव्हतं.

“आईला सोड,” अर्पिता म्हणाली. मामा नाही, अहो नाही. आमच्या घरात पुरुषाशी असं कुणी बोललं नव्हतं. त्यानं मूठ सोडली आणि आपल्याच बोटांकडे बघत राहिला, त्यात माझे केस अडकले होते. पाहुणे खाली बघत चपला शोधायला लागले. नवरा हात धरून ओट्यावर बसला होता, रक्त कोपरापर्यंत आलं होतं आणि तो बायकांसारखा ‘आई गं, आई गं’ करत होता. आईनं ताट उचललं, कुंकू सांडलं ते पदरानं गोळा करायला लागली, ते गोळा होईना. “माझं म्हायेर बुडवलंस गं,” ती म्हणाली. शिवी नाही, काही नाही, एवढंच. ती रडत होती आणि मला तिच्याजवळ जाऊन बसावंसं वाटलं. बसता येणार नव्हतं.

अर्पितानं चष्मा शोधून आणला. एक काच गेली होती. मोरीत नेऊन तिनं माझ्या तोंडावर पाणी मारलं, चुळा भरायला लावल्या, लहान मुलाचं धुवावं तसं हनुवटीला धरून. तिच्या हातात नेट होता. बाहेर कुणीतरी म्हणत होतं, गाडी काढा, टाके पडतील. तिनं माझा पदर नीट केला, माझ्या पर्समध्ये काय आहे नाही ते पाहिलं. मग म्हणाली, “आई, सोमवारी सोलापूरला माझं प्रॅक्टिकल आहे. दोघींनी आत्ताच निघायचं का?”

ओठ सुजला होता, बोलायला त्रास होत होता.

“आत्ताच,” मी म्हणाले.